हात न लावल्याची नोंद

मखमलाबादच्या पाटाकडेला
द्राक्षबाग तोडून बांधलेलं हे वृद्धनिवास.
पहिला मजला, खोली सहा, सकाळचे सात दहा.
मी कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत,
मांडीवर तक्ता, गळ्यात स्टॉपवॉच.
माझ्याकडे लक्ष देऊ नका, असं सांगितलंय,
म्हणून सगळे माझ्याकडेच बघतायत.

तक्त्यात चार रकाने:
स्वतः केलं. सांगितल्यावर केलं.
हात धरून केलं. बाईंनी करून दिलं.
जगातली सगळी कामं यांत बसतील
असं प्रशिक्षणात वाटलं होतं.

खैरनार आजोबा शर्ट घालतायत.
चौतीस वर्षं सिक्युरिटी प्रेसमध्ये
कोऱ्या नोटांची गड्डी अंगठ्यावर चाळून
त्यातली एक खोट पकडणारी बोटं
आता गुंडी आणि काजाच्या मध्ये
रस्ता चुकतात.
वैजयंता गांगुर्डे समोर उभी.
हात पाठीमागे. एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं,
बाजारात अवखळ पोराला धरावं तसं.
'खालून लावत या बाबा, वरून लावलं की शेवटी एक उरते.'
बास. एवढंच.
बाहेरून चहाची गाडी खडखडत गेली.
पाचवी गुंडी. चार मिनिटं अकरा सेकंद.
मी दुसऱ्या रकान्यात खूण केली
आणि त्या मनगटासाठी रकाना शोधत राहिले.

गुरुवारी मंदा आली नाही.
अकरा जण, एकटी वैजयंता.
खैरनारांचा शर्ट बावीस सेकंदांत झाला.
ते हात सैल सोडून बसलेले,
कुरिअरवाल्याच्या टेबलावरच्या पार्सलसारखे,
छताकडे बघत.
शर्ट मात्र नीटनेटका. कॉलरसुद्धा बसलेली.
चौथा रकाना, मी लिहिलं.
वैजयंतानं ते वाचलं असावं, लांबून, उलटं.
'मॅडम, मंदा आली नाही हे लिहायला जागा आहे का त्यात?'
शेऱ्यात लिहिलं मी.
ऑफिसातला संगणक शेरे मोजत नाही.

बेंडकुळे आजी, खोली नऊ.
पलंगापासून व्हरांड्यापर्यंत एकोणीस पावलं.
वैजयंता मागे,
तळहात आजींच्या कोपराखाली, दोन बोटं अंतरावर,
टेकलेला नाही, दूरही गेलेला नाही.
बाराव्या पावलाला आजी डुलल्या.
अंतर एक बोट झालं.
आजी स्वतःच सावरल्या, आणि उगाचच भिंतीला शिवी दिली.
माझी जोडीदार श्रुतकीर्ती दारातून बघत होती.
तिनं लिहिलं: मदत नाही.
मी लिहिलं: पूर्ण वेळ मदत.
संध्याकाळी बसमध्ये आम्ही यावरून भांडलो,
अशोकस्तंभ गेला, सीबीएस गेलं,
शेवटी नियमाप्रमाणे
दोघींच्या आकड्यांतला फरक तेवढा नोंदवला.

शेवटच्या दिवशी कडाक्याची थंडी,
खिडकीच्या काचा आतून ओल्या.
वैजयंता आठ नंबरला धावली होती.
खैरनारांचा हात स्वेटरच्या बाहीत अडकला,
कोपराशी, बाही आतल्या आत उलटलेली.
मला उठायची परवानगी नाही.
मी उठले.
दोन पावलं. मग पाठीमागे
डाव्या हातानं माझंच उजवं मनगट धरलं.
ते ओढत होतं. इतकं ओढेल वाटलं नव्हतं.
'आधी हात बाहेर काढा,' म्हणाले,
आवाज माझा वाटला नाही.
स्टॉपवॉच सुरू करायचं राहून गेलं,
त्यामुळे त्या बाहीला लागलेली वेळ
कुठल्याच कागदावर नाही.

हात बाहेर आला तेव्हा लाल झाला होता.
मग त्यांनी सगळ्या स्वेटरवरून अंगठा फिरवला,
वरून खाली, सावकाश, प्रेसमधल्यासारखा,
आणि एका जागी थांबले.
'तिसरी गुंडी दुसऱ्याच दोऱ्यानं शिवलीय.
घ्या, लिहून घ्या.'